देऊळ पाडायच्या ठरावावर आमच्या ग्रामस्थ मंडळाला खुलं पत्र

प्रति,
आपल्या गावच्या ठाणे-मुंबई ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीतले सगळे काका, दादा, वहिनी,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात ठाण्यात आपली सर्वसाधारण सभा झाली, हिशोब वाचून झाला, वडे आले आणि वडे खाता खाताच ठराव मंजूर झाला की गावच्या देवळाचा जुना सभामंडप पाडायचा, त्याजागी आरसीसीचा स्लॅब टाकायचा, वर घुमट, आत चकचकीत फरशी, भिंतींना टाइल्स, आणि खाडीकडून देवळापर्यंत चढणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, फोडून तिथे काँक्रीटचा उतार करायचा म्हणजे गाड्या थेट देवळाच्या दारात जातील. हात वर करा म्हणाले, हात वर झाले. काही हात वर झाले नव्हते, त्यात माझा होता, पण इतिवृत्तात ‘एकमताने’ लिहिलंय. म्हणून हे पत्र.

उघड्यावर का लिहितोय असं विचाराल. ग्रुपवर लिहिलं तर ‘इथे वाद नको, पर्सनल बोला’, फोन केला तर ‘सभेत मांडा’, आणि सभेत उभा राहिलो तर ‘हॉल आठला खाली करायचाय’. मग बोलायचं कुठे? दुसरं म्हणजे हा प्रश्न एकट्या आपल्या गावाचा नाही. लालबाग-परळपासून दिवा-डोंबिवलीपर्यंत कोकणातल्या गावांची मंडळं आहेत आणि पैसा जमला की पहिलं काम जुनं देऊळ पाडायचं, हे आता इतकं सवयीचं झालंय की कुणाला त्यात काही खटकतच नाही. गावाचं आणि देवाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, भांडण घरातलं आहे. सिंधुदुर्गातला खारेपाटण पट्टा एवढं सांगितलं तरी पुरे.

मी कोण ते तुम्हाला माहितीच आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. जन्म ठाण्यातला, सावरकर नगरच्या चाळीत वाढलो, बाबा या मंडळाचे जुने सभासद, त्यांच्या ट्रंकेत वर्गणीच्या पावत्यांचा गठ्ठा अजून आहे. गावाला मी शिमगा, गणपती आणि मे महिना एवढाच असतो, म्हणजे तुमच्यासारखाच चाकरमानी. आणि पोटापाण्यासाठी बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे, घोडबंदर रोडला जे टॉवर उठलेत त्यातल्या काही स्लॅबांची सेंटरिंग, सळी, काँक्रीट सगळं डोळ्यासमोर झालंय. तेव्हा ‘याला जुनंपुराणं आवडतं, सिमेंटचं वावडं आहे’ असं कृपया म्हणू नका, माझं घर सिमेंटवरच चालतं.

आता आपण नेमकं कशाला हात घालतोय ते बघूया, कारण सभेत कुणीतरी म्हणालं की ‘आपलं काय ते छोटं देऊळ, त्याला कसला आलाय इतिहास’. भाऊ, खारेपाटण म्हणजे आज हायवेवरचं चहापाण्याला थांबायचं ठिकाण वाटतं, पण हजार वर्षांपूर्वी ते बंदर होतं. समुद्र इथून लांब आहे, मात्र विजयदुर्गची खाडी आत आत येत इथवर पोचते आणि भरतीच्या पाण्यावर गलबतं वर चढायची. खारेपाटणला सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे. तो पहिल्यांदा वाचून छापला कुणी, तर आपल्या शेजारच्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी, ‘दर्पण’वाले. त्यात लिहिलंय की अव्वेश्वराच्या देवळासाठी राजाने गावं दिली, आणि वर काय दिलं? परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोनं, आणि कंदलमूलीय नावाच्या ठिकाणाहून येणाऱ्या जहाजामागे एक धरण सोनं (गद्याण, धरण ही सोनं मोजायची तेव्हाची मापं). चेमूल्य म्हणजे चौल आणि चंद्रपूर म्हणजे गोव्यातलं चांदोर, इथली जहाजं त्यातून वगळली होती. तेली, माळी, कुंभार, परीट यांची कुटुंबं पण देवळाच्या सेवेला लावून दिली. आणि हे सगळं कशासाठी? देवाची पूजा, तपस्व्यांचं अन्नवस्त्र आणि देवळाची डागडुजी. म्हणजे जहाजावरच्या जकातीतून देवळाच्या मेंटेनन्सचं बजेट, आणि तेही तांब्यावर कोरून, की पुढच्या राजाला नाही म्हणता येऊ नये. आपल्या मंडळाच्या हिशोबात ‘डागडुजी’ नावाचा रकानाच नाही, मी मुद्दाम शोधला. ‘उत्सव’, ‘भजन साहित्य’, ‘शाल-श्रीफळ’, ‘बांधकाम निधी’ एवढंच आहे.

थांबा, अजून एक आहे आणि ठाणेकरांनी हे नीट वाचा. खारेपाटणलाच शिलाहारांचा दुसरा ताम्रपट मिळाला, अनंतदेवाचा, शके १०१६ चा, म्हणजे १०९४ च्या आसपासचा. तो काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी १८८० साली छापला. त्यात राजा सांगतो की माझे अमात्य भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धनाम श्रेष्ठी, या दोघांची जहाजं श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमूली वगैरे बंदरांत आली तर त्यांच्या मालावर जकात घेऊ नये. शूर्पारक म्हणजे सोपारा, नागपूर म्हणजे विदर्भातलं नव्हे, अलिबागजवळचं नागाव असं अभ्यासक मानतात. आणि श्रीस्थानक म्हणजे हे आपलं ठाणं. जिथल्या भाड्याच्या हॉलमध्ये बसून आपण गावाचं देऊळ पाडायचा ठराव केला तेच ठाणं, आणि तिथली जकात माफ करणारा राजाचा कागद सापडला कुठे तर आपल्या खारेपाटणला. कोकणी माणूस गिरणीत आला तेव्हा ठाण्या-मुंबईशी आपलं नातं जुळलं असं आपण समजतो. पण त्याच्या कितीतरी आधी खाडीतून इथवर ये-जा होती.

बरं, आपलं देऊळ हजार वर्षांचं आहे असा माझा दावा नाही. खोटं कशाला बोलू. मंगलोरी कौलं तर मुळात १८६५ ला मंगळूरला बासेल मिशनने कारखाना काढला त्यानंतरची, त्यामुळे आत्ताचं छप्पर शिलाहारांचं नाही हे कुणीही सांगेल. मंडपाचे खांब आणि तुळया त्याच्या आधीच्या असतील, गाभाऱ्याचं जोतं आणखी जुनं असेल, आणि मागच्या आवारात पिंपळाखाली टेकवून ठेवलेले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांचे कोरीव दगड, या सगळ्यांपेक्षा जुने दिसतात. एकाच देवळात अशा तीन-चार पिढ्यांची कामं एकावर एक बसलीयत. कुठलं नेमकं किती जुनं हे बघायला जाणकार माणूस लागतो, आणि तसा एकही माणूस आपण आजवर तिथे नेलेला नाही. नेला कोण, तर टाइल्सवाला.

आणि नुसतं देऊळ नाही हो, सगळं गावच त्या उतारावर विचार करून बसवलेलं आहे. खाली खाडीच्या कडेला माल उतरायचा, त्याला लागून बाजारपेठ, बाजारातलं दिगंबर जैन मंदिर बघितलं तर कळतं की इथे व्यापारी नुसते येऊन जात नव्हते, राहत होते. टेकडीवर किल्ला, त्याचा तट आता फार उरलेला नाही, पण तिथे उभं राहिलं की खाडी कशी वळत येते ते दिसतं आणि किल्ला तिथेच का बांधला हे कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही. मधल्या उतारावर घरं, एकाखाली एक टप्पे काढून, चिऱ्याची म्हणजे जांभ्या दगडाची जोती, खालच्या अंगाला जोतं पुरुषभर उंच आणि वरच्या अंगाला जेमतेम पायरी, पुढे पडवी, वर माळा, त्या माळ्यावर पावसाळाभर माल कोरडा राहायचा. खालून मीठ, सुकी मासळी, नारळ वर जायचे, फोंड्याच्या आणि बावड्याच्या घाटाने देशावर, आणि तिकडून गूळ, तंबाखू, मिरची खाली यायची. हे सगळं माणसांच्या डोक्यावरून ज्या वाटांनी चढलं उतरलं त्या वाटा म्हणजे या पाखाड्या. खाडी गाळाने भरली, रस्ते झाले, मग रेल्वे आली, बंदर संपलं. ते परत येणार नाही, त्याबद्दल रडायचं कारण नाही. पण त्या व्यापाराने बांधलेलं जे काही उतारावर शिल्लक आहे ते पण आपणच वर्गणी काढून फोडायचं, हे मला पटत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, गावात राहणाऱ्यांना विचारलंच नाही. ठराव ठाण्यात, पैसे ठाणे-मुंबईचे, ठेकेदार पण इथूनच पाठवायचा, आणि जे लोक रोज सकाळी त्या देवळात दिवा लावतात त्यांना व्हॉट्सॲपवर घुमटाचं थ्रीडी चित्र पाठवून ‘अभिनंदन’. गुरवांना विचारलं तर ते म्हणाले, माका कोणी काय सांगूक नाय. देवाला कौल लावला का? सभेत सांगितलं लावला, गावात विचारलं तर मानकरी म्हणतात आमच्यासमोर नाही लावला. आपण एरवी घरात बोअरवेल मारायची तरी देवाला विचारतो, आणि खुद्द देवाचं घर पाडताना विचारायला वेळ नाही मिळाला?

दुसरी, मंडप मोडकळीला आलाय असं सांगून ठराव केला, पण मंडपाची तपासणी झालेली नाही. मी शिमग्याला शिडी लावून वर चढून बघितलंय. पश्चिमेच्या पाख्याला, म्हणजे छपराच्या उताराला, पावसाचा मारा लागतो तिथले काही वासे आणि रिपा कुजल्यात, एका कोनवाशाला वाळवी लागलीय, पन्हळ फुटलीय आणि त्याचं पाणी एकाच खांबाच्या तळाशी मुरतंय. आढं सरळ आहे, तुळया खणखणीत आहेत, खांब ओळंब्यात आहेत. हे सुताराचं काम आहे. याला मोडकळीला येणं म्हणत नाहीत, याला शाकारणी, म्हणजे छपराची कौलं उतरवून दुरुस्ती, वेळेवर न करणं म्हणतात, आणि ती का झाली नाही तर ‘आता नवीनच बांधायचंय मग कशाला खर्च’ म्हणून मंडळाने पैसे पाठवले नाहीत.

तिसरी तक्रार माझ्या धंद्यातली आहे म्हणून जरा लांबवतो. आरसीसी म्हणजे कायमचं, हा जो समज आहे ना, तो ठाण्यात राहून आपल्याला कसा काय राहतो मला कळत नाही. दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी लागते ती काय लाकडी वाड्यांचीच असते का, त्यात स्लॅबच्या इमारती पण भरपूर असतात. तीस वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट करा म्हणतात ते उगाच नाही. काँक्रीटमध्ये ओल मुरते, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत जातो, सळीला जे संरक्षण असतं ते संपतं, सळी गंजते, गंजली की फुगते, फुगली की वरचं काँक्रीट ढलप्या काढून खाली टाकते. खाडीची खारट हवा असेल तर अजून लवकर. आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात गावाला खाडीची वाळू नीट न धुता वापरली, क्युरिंगला पाणी कमी मारलं, सळीवर काँक्रीटचं कव्हर कमी ठेवलं, हे सगळं होणार म्हणजे होणारच कारण तिथे उभं राहून बघणारं कोणी नाही. आजूबाजूच्या गावांत जाऊन बघा, नवीन देवळाचा स्लॅब काही वर्षांत गळायला लागतो आणि मग त्या स्लॅबवर लोखंडी अँगल टाकून निळा पत्रा चढवतात. म्हणजे उतरतं छप्पर पाडून सपाट केलं आणि सपाटावर परत उतरतं घातलं, दोन्हीचे पैसे वर्गणीतून. चेष्टा नाही करत, तुम्ही पण बघितलंय.

उलट चिरा कसा आहे ते बघा. खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होत जातो, पण तो पाणी पितो आणि सोडतो, त्याला श्वास घ्यायला जागा पाहिजे. चिऱ्यांमधल्या फटी चुन्याने भरल्या तर ओल येते आणि जाते. त्याच भिंतीला सिमेंटचं प्लास्टर आणि वर टाइल्स मारल्या की ओल आत अडकते, बाहेरून भिंत चकाचक आणि आतून चिरा भुसभुशीत, मग एक दिवस टाइल्स फुगून खाली येतात. माझी आजी या बाबतीत इंजिनियर होती, शेजारच्या गावचं टाइल्सचं देऊळ बघून म्हणालेली, ‘देवाक गारवो व्हयो रे, ह्यो न्हाणीघर कित्याक केल्यानी?’

आवाजाचं पण बोला कुणीतरी. जत्रेला दशावतार त्याच मंडपात होतो. पेटी, मृदुंग, झांज कौलाखाली कशी वाजते आणि स्लॅब-टाइल्सच्या खोलीत कशी वाजते हे ज्याने ऐकलंय त्याला सांगायला नको. नव्या मंडपात एवढा घुमतो आवाज की संकासुर काय बोलतोय ते पहिल्या रांगेला पण कळत नाही, मग माईक, मग अजून मोठा माईक.

चौथी, आणि ही मी पुन्हा पुन्हा वाचली कारण विश्वास बसेना. कोटेशन एकच आलंय, आणि त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलंय की ‘जुने साहित्य ठेकेदार उचलून नेईल’. जुनं साहित्य म्हणजे काय माहितीय ना? कोरलेले खांब, हस्त म्हणजे तुळईखालचे कोरीव टेकू, तुळया, दाराची चौकट. सागवान आणि फणस. हे लाकूड आज बाजारात काय भावाने जातं आणि कुठल्या हॉटेलांच्या लॉबीत उभं राहतं हे मला साइटवरच्या लोकांकडून माहिती आहे. कार्यकारिणीतल्या कुणावर मी आरोप करत नाही, माझी खात्री आहे की ही ओळ कुणी वाचलीच नाही. पण न वाचता सही झाली तर चूक आपलीच.

पाचवी. ठरावात ‘जुन्या भग्न मूर्तींचे विधिवत विसर्जन’ असं आहे, जयपूरहून संगमरवरी मूर्ती आणायच्या म्हणून. अहो, शंभर वर्षांवरची दगडी मूर्ती म्हणजे कायद्याने पुरावस्तू असते, १९७२ चा कायदा आहे, तिची नोंद करायची असते, खाडीत सोडायची नसते. आणि ते वीरगळ. या उतारावर कुणीतरी कधीतरी लढताना पडला, गावाने त्याचा दगड उभा केला, त्याच्यावर तो माणूस कोरलाय, खाली लढतोय, वर देवापुढे बसलाय. आपण त्यातल्या एका दगडावर पाय देऊन हातपाय धुतो. तो वर उचलून ठेवायला वर्गणी पण लागत नाही, चार माणसं लागतात.

सहावी, पाया खणताना काय करणार? ठाण्याच्या किल्ल्यात, जिथे आता जेल आहे, तिथे १७८७ साली काही कामासाठी खणताना अरिकेसरी शिलाहाराचा शके ९३९ चा ताम्रपट निघाला होता. इंग्रजांच्या राज्यात निघाला, तरी कुणीतरी तो जपून ठेवला, वाचून घेतला, छापला, म्हणून आज आपल्याला माहितीय. आपल्या देवळाच्या आवारात जेसीबी लावला आणि असं काही निघालं तर जेसीबीवाल्याला कळणार आहे का?

पाखाडीबद्दल थोडक्यात. म्हाताऱ्यांना चढवत नाही हे खरं आहे, माझ्या आईला पण नाही चढवत. पण काँक्रीटच्या उतारावर जुलैत शेवाळ धरलं की तरणाताठा माणूस पण घसरतो, आणि आत्ता दगडांच्या फटींतून मुरणारं पाणी एकत्र होऊन सरळ खालच्या घरांच्या पडवीत शिरणार आहे. खालच्या घरांना विचारलं? गडग्यांचं, म्हणजे रचलेल्या दगडी बांधांचं, पण तेच, दगडी गडगा पाणी झिरपू देतो, काँक्रीटची भिंत अडवते आणि मग एका मोठ्या पावसात भिंतीसकट सगळं खाली येतं.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. उत्सवाला मंडप पुरत नाही, बायकांसाठी बाथरूम नाही, मुंबईहून आलेल्यांना रात्री बसायला जागा नाही, पावसात चपला भिजतात, आणि गावाला येऊन नवीन काहीतरी उभं केलेलं दिसलं की वर्गणी देणाऱ्याला समाधान वाटतं, पाटीवर नाव लागतं. यात वाईट काही नाही. पण या सगळ्या गोष्टी देवळाच्या बाहेर, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, बाजूची जी मोकळी जागा आहे तिथे होऊ शकतात. तिथे घाला ना आरसीसी, मीच उभा राहून करून देतो. भक्तनिवास करा, बाथरूम करा, स्वयंपाकाची शेड करा, पाटी लावा, मोठी लावा. म्हाताऱ्यांच्या गाडीसाठी मागच्या रस्त्याने देवळाच्या बऱ्यापैकी जवळ जाता येतं, तो शेवटचा तुकडा दुरुस्त केला तरी पुरे.

तर माझ्या मागण्या सरळ आहेत. हा ठराव स्थगित करा आणि विषय गणपतीत गावात बैठक घेऊन मांडा, तेव्हा गावातले आणि मुंबईचे दोघेही असतात, गुरव आणि मानकरी असतात, आणि हात वर करण्याआधी लोकांना बोलू द्या. त्याआधी देवळाचं मोजमाप घेऊन नकाशा आणि फोटो करा, खांब न् खांब, दगड न् दगड, हे काम आपल्याच गावची आर्किटेक्चर शिकणारी दोन मुलं आहेत ती आनंदाने करतील. जुन्या वास्तूंचं काम करणाऱ्या आर्किटेक्टकडून एक तपासणी करून घ्या, त्याची फी मंडळाला नक्की परवडते कारण थ्रीडी चित्राची परवडली, आणि रिपोर्ट मराठीत ग्रुपवर टाका. मूर्ती आणि वीरगळांची यादी करून राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला पत्र द्या, आणि विसर्जनाची ओळ ठरावातून काढा. जुनं लाकूड गावाबाहेर जाणार नाही असं लेखी द्या. पाखाडीचे हललेले दगड परत बसवा, एका बाजूला लोखंडी कठडा लावा, वाटेत दोन ठिकाणी टेकायला बाक करा. आणि पुढच्या हिशोबात ‘डागडुजी’ म्हणून वेगळा रकाना उघडा, दर वर्षी त्यात ठरावीक रक्कम टाका, मग उत्सवाचा डेकोरेटर थोडा स्वस्तातला बघावा लागला तरी चालेल.

माझ्या वर्गणीचं सांगतो. बांधकाम निधीत यंदाची रक्कम मी भरलेली नाही, हे खजिनदारांना माहितीय. ती मी अडवून धरलेली नाही, दुरुस्तीचा रकाना उघडला त्या दिवशी त्यात टाकतो, आणि बाबांच्या नावाने अजून तेवढीच. माझ्यासारखे अजून काही जण आहेत ज्यांनी मला खासगीत सांगितलं की तू लिही, आम्ही आहोत. त्यांना माझी विनंती, आता खासगीत नको, सभेत या.

आणि एक काम तर ठरावाची वाट न बघता करता येण्यासारखं आहे. पावसाच्या आधी कौलं उतरवून पश्चिमेचं पाखं शाकारायला हवं, कुजलेले वासे बदलायला हवेत, पन्हळ नवीन घालायला हवी, नाहीतर या पावसाळ्यात तो एक खांब खरंच जाईल आणि मग ‘बघा, मोडकळीला आलंच होतं’ म्हणायला मोकळे. शेजारच्या गावच्या सुतारांशी माझं बोलणं झालंय, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ते मोकळे आहेत, खर्चाचा अंदाज सचिवांच्या मोबाईलवर पाठवलाय. तेवढ्याला येत्या रविवारच्या कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये मंजुरी द्या आणि काय ठरलं ते त्याच दिवशी ग्रुपवर कळवा.

आपला,
मंडळाचा एक वर्गणीदार सभासद
ठाणे